गेम पास शेल्टर: मरणाऱ्या इलंडचं चित्र कसं पाहावं

दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगेच्या जागतिक वारसा उद्यानात तिथल्या मूळच्या शिकारी सान लोकांनी रंगवलेल्या सुमारे 600 कपारी आहेत आणि त्यांत 35 हजारांच्या आसपास चित्रं. एकाच कपारीपुरता वेळ असेल, तर आम्ही कँबर्गची गेम पास शेल्टर सांगू. तिथल्या एका चित्राने सान चित्रकलेकडे बघायची अभ्यासकांची नजर बदलली.

डर्बनहून एन-3 महामार्गाने पीटरमारिट्झबर्ग मागे टाकायचं आणि नॉटिंगहॅम रोड किंवा रोझेटा गावाकडून कँबर्गला वळायचं. अंतर 200 किलोमीटरच्या आतबाहेर, तरी तीन तास हाताशी ठेवा, कारण महामार्ग सोडल्यावर वेग पडतो. पेट्रोल आणि खाणं या गावांतच घ्या. वाटाड्याशिवाय वर सोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करावी. सकाळचीच तुकडी धरा. नोव्हेंबर ते मार्च दुपारनंतर ढग भरून येतात, विजा कडाडतात आणि उघड्या गवताळ उतारावर आडोसा नसतो. तिथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) आभाळ स्वच्छ असतं, पण थंडी कडक. कधी बर्फही पडतो.

जाऊन-येऊन चालायला आणि चित्रं पाहायला तीन तास लागतात. सुरुवातीची वाट सोपी, शेवटचा चढ मात्र छातीवर येतो. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट हवेतच. चढताना कड्याकडे लक्ष ठेवा: वर काळा कठीण बेसाल्ट, खाली फिकट वालुकाश्म. वालुकाश्म मऊ, तो आतून झिजत गेला आणि या कपारी तयार झाल्या. हाच मऊपणा चित्रांच्या मुळावरही येतो. दगडाचे कण सुटतात, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाचे पापुद्रे निघतात.

कपारीत पोचल्यावर नजर आधी मोठ्या इलंडांच्या रांगेवर जाते. इलंड हा आफ्रिकेतला, नीलगायीपेक्षाही थोराड हरणासारखा प्राणी, नराचं वजन 900 किलोपर्यंत जातं. काही इलंड बिनडोक्याचे, बिनपायांचे दिसतील. ते अर्धवट सोडलेले नाहीत. लाल रंग लोहयुक्त गेरूचा, तो दगडात मुरतो. डोकं, मान आणि पाय पांढऱ्या रंगात काढलेले असतात आणि पांढरा सगळ्यात आधी झडतो.

आता ते प्रसिद्ध चित्र शोधा. ते लहान आहे, घाईत डोळ्यांआड होतं. एक इलंड मान खाली घालून थेट आपल्याकडे बघतोय, अंगावरचे केस उभे राहिलेत, मागचे पाय एकमेकांत अडकलेत. विषारी बाण लागलेला प्राणी लगेच पडत नाही. विष भिनत जातं आणि तो असाच लडखडतो. त्याची शेपटी धरून मागे एक आकृती उभी आहे. तिच्या पायांकडे बघा: तेही तसेच एकमेकांवर आलेले, आणि पावलांच्या जागी खूर. शेजारच्या आकृत्यांतही माणूस आणि प्राणी असेच मिसळलेले आहेत.

पूर्वी अशा चित्रांना शिकारीची दृश्यं किंवा प्राण्यांची सोंगं म्हणत. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा अर्थ मांडला. सान वैदू समूहनृत्यात भान हरपतात तेव्हा थरथरतात, घामाने निथळतात, कोलमडतात, नाकातून रक्त येतं. या अवस्थेला ते ‘मरण’ म्हणतात. चित्रकाराने इलंडचं मरण आणि वैदूचं मरण एकाच ओळीत आणलं. हे नुसतं कल्पनेने रचलेलं नाही. केपटाऊनला 1870च्या दशकात ब्लीक आणि लॉइड या भाषाअभ्यासकांनी लिहून घेतलेल्या सान लोकांच्या कथनांचा आणि कालाहारी वाळवंटातल्या सान नृत्यांच्या नोंदींचा त्याला आधार आहे. सगळे अभ्यासक हा अर्थ प्रत्येक चित्राला लावायला तयार नाहीत, आणि तो सरसकट लावूही नये. पण इथले ते अडकलेले पाय पाहिल्यावर नुसती शिकार म्हणणं आम्हाला तरी पटत नाही.

फोटोसाठी फ्लॅश वापरू नका. सावलीतल्या सारख्या उजेडात रंग जास्त खरे येतात. पुसट चित्रांसाठी ‘डीस्ट्रेच’ हे फोटोतले फिके रंग ठळक करणारं सॉफ्टवेअर कामाचं आहे: त्यातल्या पर्यायांपैकी लाल रंगासाठी वायआरई किंवा एलआरई आणि काळ्यासाठी वायबीके निवडा. फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून पूर्वीचे लोक भिंतीवर पाणी मारत. ते पाणी क्षार विरघळवतं, सुकताना पांढरं पुट मागे ठेवतं आणि खालचं चित्र कायमचं झाकलं जातं. बोटही लावू नका, हाताचं तेल आणि घाम दगडात शिरतो. भिंतीजवळ पाय घासत चालू नका, उडालेली धूळ चित्रांवरच बसते.

बरोबर वयस्कर मंडळी असतील आणि हा चढ झेपणार नसेल, तर त्याच उद्यानातल्या जायंट्स कॅसलच्या मेन केव्ह्ज गाठा. वाट बरीच सोपी, आणि चित्रं 500च्या आसपास.