धावत्या गाडीतला देव

परतवाड्याहून धारणीला निघालेली एसटी सेमाडोहच्या अलीकडे एका वळणावर आली आणि ड्रायव्हरने स्टेअरिंगवरचा एक हात काढून छातीला, मग कपाळाला लावला. बाहेर ना देऊळ, ना कळस. मोहाचं एक झाड, खाली पाचोळा जाळून काळी केलेली जागा आणि बुडाशी शेंदूर फासलेला दगड. फुलं सकाळीच वेचून झाली असावीत. माझाही हात उठलाच. सेमाडोहला चहा पिताना त्याला विचारलं, कोणता देव हो तो?

"मले का मालूम? आधीचा डायवर जोडे, मी बी जोडतो."

हे उत्तर मला फार पटलं. आजी याच पंथातली. आर्वीहून अमरावतीला मामाकडे जाताना कौंडण्यपूरचा पूल आला की ती लुगड्याच्या गाठीतून दहा पैसे सोडायची. "टाक बाबू, माय आली." माय म्हणजे वर्धा. उन्हाळ्यात तिच्यात पाणी कमी, टरबुजाच्या वाड्याच जास्त. मी नाणं मुठीत घट्ट धरून बसायचो, कारण दहा पैशांत गारीगार यायचं.

"आजी, थे पाण्यात नाही पडत. वाडीवाल्याच्या पोराले सापडन."

"सापडू दे ना मंग! त्याले पावली समज."

मी नाणं टाकायचो, पण पुढचे दोन थांबे तिच्याशी बोलायचो नाही.

माझी एक खोड आहे. गाडी थांबवून, उतरून, मुद्दाम पाहायला गेलो की मला काहीच जाणवत नाही. वाटेतल्या एका शेंदऱ्या दगडाशी एकदा मोटरसायकल लावली. करवंट्या, गुटख्याच्या पुड्या आणि ओळीने निघालेल्या मुंग्या. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवरही तेच. पंचबोलला लोक दरीत स्वतःचंच नाव ओरडतात आणि तेच परत ऐकून खूश होतात! देव बहुधा डोळ्याच्या कोपऱ्यातूनच दिसत असावा, तोही एसटीच्या वेगाने.

दगडात देव शोधणाऱ्यांना गाडगेबाबांनी जन्मभर झापलं. ते आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. पण एका जागी तेही कधी टिकले नाहीत, आणि २० डिसेंबर १९५६ ला गेले तेही वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी. याचा माझ्या म्हणण्याशी नेमका काय संबंध, ते मला सांगता यायचं नाही. वलगावचा पूल आला की माझी बडबड मात्र बंद होते.

आता भाचा नागपूरला नेतो तो समृद्धीवरून. काचा बंद, एसी चालू. वर्धा आली हे पाटी वाचून कळेपर्यंत ती मागे पडलेली असते. परवा मी घाईघाईने खिसे चाचपू लागलो, तर तो समोर पाहतच म्हणाला, "मामा, टोलले सुट्टे नाही लागत. फास्टॅग हाये."