बगळ्याचा पांढरा कागदावर उतरवताना

पांढऱ्या पक्ष्याचा फोटो प्रिंट करायचा असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, की आपल्या नेहमीच्या फोटो प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोत जिथे पूर्ण पांढरं आहे, म्हणजे ० ते २५५ च्या मोजपट्टीवर लाल हिरवा निळा तिन्ही २५५, तिथे प्रिंटर काहीच मारत नाही, दिसतो तो नुसता कोरा कागद. मोबाइलवर ते चालून जातं कारण स्क्रीन स्वतःच उजेड टाकते, पण भिंतीवर तोच बगळा वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो, छाती कुठे संपली आणि पंख कुठे सुरू झाला काही कळत नाही.

सध्या मी भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला काढलेला लहान बगळ्याचा फोटो करतोय, आत्याच्या परळच्या घरी हॉलमध्ये लावायला. पावसाळ्यातला आहे, विणीचा पिसारा आलेला, डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतायत आणि पाठीवरची पिसं तर इतकी विरळ आणि बारीक की मागची खारफुटी त्यातून दिसते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर लावायला ह्याच पिसांसाठी बगळे विणीच्या काळातच मारायचे, त्याविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये बायकांनीच संघटना काढली आणि तीच पुढे आरएसपीबी, म्हणजे ब्रिटनची पक्षी वाचवणारी संस्था, झाली. हे माहीत असल्यावर ती पिसं प्रिंटमध्ये जळून गेलेली मला बघवत नाहीत, अख्ख्या एडिटिंगचं माझं कारण तेच आहे.

म्हणून पहिलं काम हायलाइट, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, असेल तर लाइटरूम ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट खाली ओढल्यावर पिसांच्या कडा हळूहळू वर येतात, मी सगळ्यात उजळ पीस साधारण २४० ते २४५ च्या आसपास ठेवतो, म्हणजे तिथेही थोडी शाई पडते. पण सगळंच खाली ओढलं की बगळा राखाडी होतो, मग फक्त पक्ष्याला मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, कर्व्हने (उजेड-अंधाराच्या वक्ररेषेने) मधले टोन जरा उचलायचे. आकडा बघून इथपर्यंत येता येतं, पुढे डोळ्यावरच विश्वास ठेवावा लागतो.

आणि बगळा नुसता पांढरा कधीच नसतो हो! त्याच्या पिसात रंगद्रव्य नाही, पिसाच्या रचनेमुळे उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो, त्यामुळे आजूबाजूचा जो उजेड असेल तो त्याच्या अंगावर येतोच. सावलीतल्या बाजूला आभाळाचा निळा, पोटाखाली तिवरांचा हिरवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा दुरुस्त, करताना हे सगळं पुसून टाकणारे आहेत, मला ते पटत नाही, निळा थोडा कमी करा पण ठेवा, त्या निळ्यामुळेच अंगाला गोलाई येते. छातीवर खाडीचा चिखल उडालाय तोही मी ठेवलाय, पाण्यातली प्लॅस्टिकची पिशवी फार चमकत होती तर तेवढीच जरा काळवंडवली, काढली नाही. भांडुपची खाडी आहे, ती तशीच दिसू दे.

क्रॉप केल्यावर फाइल ४५०० बाय ३००० पिक्सेल उरली. १२ बाय १८ इंचाला इंचामागे २५० पिक्सेल पडतात, भिंतीवर लावायच्या फोटोला भरपूर झाले. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, एकदम शेवटी, साइज ठरल्यावर, आणि तेही डोळा, चोच, पिसांची टोकं एवढ्यावरच. पाण्यावर शार्पनिंग मारलं की नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो, तिथे उलट नॉइज कमी करायचा.

एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवून ठेवा, फुल ब्राइटनेसवर केलेला फोटो हमखास काळपट छापून येतो. लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि त्यावर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसा दिसेल ते स्क्रीनवरच, बघा, आणि मोठी प्रिंट काढायच्या आधी फक्त मान आणि पाठ एवढाच तुकडा त्याच कागदावर छापून बघा, खर्च थोडासाच येतो. तो तुकडा ट्यूबलाइटखाली नको, जिथे फोटो लागणार त्या भिंतीपाशी धरून बघा. कागद मी ल्युस्टर, म्हणजे मंद चमकेचा, घेतोय, ग्लॉसीवर समोरच्या खिडकीचा उजेड चमकतो, आणि मॅटवर खारफुटीचा काळा जरा फिका पडतो, ज्याच्यापुढे बगळा उठून दिसायला हवा तोच काळा.

फ्रेमवाल्याला सांगताना एकच गोष्ट विसरू नका, काच आणि फोटो यांच्यात माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. मुंबईच्या पावसाळी दमटपणात काचेला टेकलेली प्रिंट चिकटते, मग सोडवताना वरचा थर निघून येतो. आणि बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आत्याकडे म्हणून आतली भिंत ठरवलीय.