सगळा दोष नाईल पर्चचाच का?

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया लेकचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला, "तिथलं वाटोळं नाईल पर्चनेच केलं ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट लिहितो. पर्चने, म्हणजे बाहेरून आणून सोडलेल्या त्या मोठ्या शिकारी माशाने, शेकडो जातींचे छोटे मासे फस्त केले हे खरंय, पण गोष्ट तिथून सुरू केली की आधीची पन्नास वर्षं गायब होतात आणि मला तेच खटकतं.

किनाऱ्यावरचे लुओ लोक टोपल्या, नदीत मासे अडवायचे कूड, पपायरस गवताची ओढजाळी यांवर मासे धरायचे. 1901 ला रेल्वे लेककाठच्या किसुमूला पोचली, मासा लांब विकता यायला लागला, आणि 1905 मध्ये जवसाच्या धाग्याचं गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांशी अडकतो ते जाळं, आलं. न्गेगे नावाची तिथलीच तिलापिया, लोकांची सगळ्यात आवडती, आधी एकेका जाळ्यात डझनांनी लागायची ती 1920 च्या दशकात पाच-सहावर आली.

मग मायकेल ग्रॅहम या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने 1927-28 मध्ये सर्व्हे केला. त्याने सांगितलं, जाळ्याची आस, म्हणजे भोक, 5 इंचापेक्षा बारीक नको म्हणजे लहान न्गेगे निसटेल आणि एकदा तरी वीण होईल, आणि लेक केनिया, युगांडा, टांगानिका (आजचा टांझानिया) तिघांत वाटलेला म्हणून देखरेख एकच हवी. बाहेरचा मोठा शिकारी मासा आणून सोडणं अतिशय धोक्याचं, हेही त्याने 1929 च्या रिपोर्टातच लिहून ठेवलंय!

आसेचा नियम 1930 च्या दशकात आला, पण सामाईक फिशरीज सर्व्हिस उभी राहिली थेट 1947 ला. तोवर न्गेगे घटतच गेली, बारीक जाळ्यात जास्त मासे मिळतात हे कोळ्यांना रोज दिसत होतं, आणि माझ्या मते पोट ज्याचं त्या जाळ्यावर चालतं त्याला सोबत न घेता केलेला नियम टिकणं अवघडच होतं. 1950 च्या दशकात युगांडा-टांगानिकाने तो काढून टाकला, 1961 ला केनियाने. स्वस्त आणि टिकाऊ नायलॉनची जाळी त्याच सुमारास आली, म्हणजे लगाम नेमका नको तेव्हा सुटला.

आणि 1950 च्याच दशकात युगांडाच्या बाजूने पर्च आधी गुपचूप सोडला, मग 1962-63 मध्ये उघडपणे. का, तर छोटे काटेरी मासे कुचकामी, ते खाऊन मोठा विकाऊ मासा तयार होईल. जेफ्री फ्रायरसारखे संशोधक विरोध करत होते, ऐकलं नाही. बाहेरची नाईल तिलापियाही तेव्हाच सोडली, तिनेही न्गेगेची जागा घेतली. पर्च बेसुमार वाढला तो 1980 च्या आसपास, न्गेगेची मासेमारी त्याच्या कितीतरी आधी बसली होती.