आयएनआर १.६ आणि घरची मेथी

हृदयरोगाच्या ओपीडीतून माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: मायट्रल झडप बदललेली, आयएनआर १.६, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकलेल्या नाहीत, आहार बघा. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकं रक्त लवकर गोठतं. हृदयातली मायट्रल झडप काढून धातूची बसवलेल्यांचा आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा लागतो. या मावशींच्या वहीत मागची सगळी पानं २.७, २.९, २.८ अशीच होती. १.६ वर झडपेवर गुठळी धरू शकते आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून गुठळी नसल्याची खात्री केली होती आणि आयएनआर वर येईपर्यंत पोटावर घ्यायची, रक्त गोठू न देणारी हेपरिनची इंजेक्शनं सुरू केली होती. आता कारण शोधायचं होतं.

दिंडोरी तालुक्यातलं शेतकरी घर, सोबत मुलगा. पालेभाजी किती खाता, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "सगळे खातात तेवढीच." हे उत्तर जवळजवळ प्रत्येक पेशंट देतो आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. त्यामुळे मी जुड्यांवर येते. आठवड्याला किती जुड्या, किती माणसांत, कच्ची किती, शिजवलेली किती, आणि मुख्य म्हणजे गेल्या दोन महिन्यांत काय बदललं?

मुलगा म्हणाला, "मॅडम, मार्केटला भाव पडलाय. गाडीभाडंही सुटत नाही, म्हणून मेथी-पालक घरीच खातोय. आणि आईचं हिमोग्लोबिन कमी आलं होतं ना, तर सकाळी पालक-कोथिंबिरीचा रस देतो. ग्लासभर."

एका ग्लासाला पालक किती घेता, हे त्याला हातानेच दाखवायला सांगितलं. ओंजळी मोजल्या तर पालक दीडशे ग्रॅमच्या आसपास, वर मोठी मूठभर कोथिंबीर. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व के असतं, कोथिंबिरीत ३०० च्या थोडं वर. म्हणजे एका ग्लासात आठशेच्या घरात, आणि दिवसाची गरज शंभरच्याही आत. शिवाय जेवणात मेथी होतीच. शिजवल्याने के फारसं कमी होत नाही, आणि ते तेलात विरघळणारं असल्यामुळे फोडणीच्या भाजीतून उलट चांगलं शोषलं जातं.

रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक यकृत के वापरून तयार करतं. वापरलेलं के पुन्हा कामाला येतं, आणि असेनोकौमॅरोल किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी नेमकी तीच फेरवापराची वाट अडवते. बाहेरून भरपूर के आलं की फेरवापराची गरजच उरत नाही. गोळी वेळेवर घेऊनही मग ती लागू पडत नाही.

मुलाकडे गाई होत्या, म्हणून त्याला चाऱ्यावरून समजावलं. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला क्लोव्हर या चारापिकाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातून रक्त गोठू न देणारं डायकुमरॉल वेगळं केलं आणि पुढे त्यातूनच वॉरफरिन आलं. जीवनसत्त्व के मात्र १९३९ मध्ये लसूणघासातून शुद्ध रूपात मिळालं. "म्हणजे औषध चाऱ्यातलं आणि उताराही चाऱ्यातलाच," तो म्हणाला. त्यानंतर त्याला वेगळं काही पटवावं लागलं नाही.

खरा धोका इथून पुढे होता. कारण न शोधता गोळीचा डोस वाढवला असता, तर रस चालू असेपर्यंत आकडा बरा दिसला असता. उन्हाळ्यात मेथी-पालक महागतात, ताटातून जातात, आणि तोच वाढीव डोस मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त काढतो. मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. नाशिककडे पालेभाजीचं प्रमाण ऋतूनुसार आणि बाजारभावानुसार इतकं हलतं, की या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगायला हवं.

"मग पालेभाजी बंदच करतो," मुलगा लगेच म्हणाला. तेही नको. के अगदीच कमी खाणाऱ्यांचा आयएनआर जास्त हेलकावतो, कारण शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो. आणि पालेभाजीतलं फोलेट, तंतू, बीटा-कॅरोटीन फुकट जातं ते वेगळंच. ठरवलं ते असं: रस बंद. सोमवार, बुधवार, शुक्रवार एक वाटी शिजवलेली पालेभाजी, बाराही महिने तेवढीच. इतर दिवशी दोडका, दुधी, वांगं, फ्लॉवर. भाजीवर चमचाभर चिरलेली कोथिंबीर चालेल, वाटीभर हिरवी चटणी नाही. घरात शेंगदाणा तेल होतं, तेच ठेवायला सांगितलं, कारण सोयाबीन तेलात के बरंच जास्त असतं. अंगदुखीला दुकानातून परस्पर गोळी आणायची नाही.

हिमोग्लोबिनसाठी पालकाचा रस तसाही फार उपयोगाचा नव्हता. त्यातल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. त्यापेक्षा मोडाच्या मटकीची उसळ, वर लिंबू, आणि चहा जेवणानंतर निदान तासाभराने. मावशी जेवण होताच चहा घ्यायच्या. चहातले टॅनिन लोह अडवतात. शिवाय या गोळ्यांवर हिमोग्लोबिन उतरलं तर आतून कुठे रक्त जातंय का, हेही बघायला लागतं. ती तपासणी डॉक्टरांनी लावली.

रस थांबल्यावर आयएनआर चढणार हे उघड होतं, म्हणून गोळीचा डोस डॉक्टरांनी तसाच ठेवला आणि तपासण्या जवळजवळ घेतल्या. आकडा २.१ आला, मग २.६. इंजेक्शनं बंद झाली.

निघताना मावशींनी उपासाचं विचारलं. एकादशीचा एक दिवस चालतो. नवरात्रात मात्र नऊ दिवस साबुदाणा, भगर, बटाटा यावर राहिलं तर के जवळजवळ मिळतच नाही आणि आयएनआर वर जातो. म्हणून उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारायचं आणि धरलाच तर चौथ्या-पाचव्या दिवशी आयएनआर करायचा, असं मुलाच्या हातानेच वहीत लिहून घेतलं.