बाळाच्या उलटीतलं रक्त

तिसऱ्या दिवशी पहाटे बाळाने दूध ओकलं आणि झबल्यावर लाल रेघा दिसल्या. आधी वाटलं, नाडीचा रंग गेला असेल. आईने झबलं दिव्याखाली धरलं आणि तिचा चेहराच उतरला. "रक्त आहे गं हे."

माझं बाळंतपण माहेरी, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात झालं. प्रसूती नॉर्मल, बाळ पावणेतीन किलोचं, सगळं सुरळीत. त्यामुळे ते लाल बघून हातापायातलं बळच गेलं. आत्यांनी तिथल्या तिथे अंबाबाईला ओटी बोलली.

बाळाच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. बाळ रडत होतं, ओढून पीत होतं. मग त्यांनी फाइल उघडली. जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम दिल्याची नोंद होती. नवजात बाळाकडे हे व्हिटॅमिन फार कमी असतं. इंजेक्शन राहिलं तर पहिल्या आठवड्यात आतून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी ती नोंद. नंतर म्हणाले, "झबलं कुठाय?"

आईने ते केव्हाच साबणाच्या पाण्यात टाकलं होतं.

"आता काही धुवू नका. रक्त बाळाचं आहे की आईचं, हे लॅबमध्ये कळतं."

आईचं? माझं रक्त बाळाच्या पोटात कसं जाईल? बाळंतपणात गिळलं जातं, किंवा दुधाबरोबर जातं, असं ते म्हणाले. मला पटलं नव्हतं.

बाळाची शी दिली तर लॅबने परत पाठवली. काळ्या शीतलं हिमोग्लोबिन बदललेलं असतं, त्यावर ही तपासणी चुकू शकते. ताजं, लालच हवं. म्हणजे बाळाने पुन्हा रक्त ओकायची वाट बघायची. ते तीन तास मी विसरू शकत नाही. होऊ नये असंही वाटत होतं, आणि झालं तर एकदाचं कळेल असंही.

दहाच्या सुमाराला ओकलं. सिस्टरनी डबीत घेतलं आणि मी कठडा धरत धरत त्यांच्या मागे खाली लॅबमध्ये गेले. ही तपासणी रोजची नाही, असं तिथले दादा म्हणाले, पण मला स्टुलावर बसवून समोरच केली.

डबीतलं पाण्यात कालवलं, मशीनमध्ये फिरवलं, वरचं गुलाबी पाणी नळीत घेतलं. शेजारी आणखी दोन नळ्या: एकीत माझ्या बोटाचं रक्त, दुसरीत बाळाच्या टाचेचं, तसंच पाण्यात पातळ केलेलं. तिन्ही सारख्याच गुलाबी. मग प्रत्येकीत एक टक्का सोडियम हायड्रॉक्साइड, पाच भागांना एक भाग, आणि दोन मिनिटं थांबायचं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते या अल्कलीत सहज मोडत नाही. मोठ्या माणसाचं मोडतं. जन्मल्यावरही काही महिने बाळाच्या रक्तात ते पुष्कळ असतं. अमेरिकेतले डॉक्टर लिओनार्ड ॲप्ट यांनी १९५५ मध्ये ही तपासणी मांडली, म्हणून हिला ॲप्ट टेस्ट म्हणतात.

बाळाची नळी गुलाबीच राहिली. माझी हळूहळू गुळाच्या पाण्यासारखी पिवळट तपकिरी झाली. माझी नजर तिसरीवर होती. कडेने पिवळसर धरली, मग सगळीच माझ्या नळीसारखी झाली. मी तिथेच रडायला लागले. रक्त माझं होतं.

वर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. उजव्या निपलला खालच्या बाजूने खोल चीर होती. दोन दिवस पाजताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण "पहिल्यांदा दुखतंच" असं जो तो म्हणायचा आणि मीही दात आवळून पाजत होते. बाळ कसं धरतेय, हे तोवर कुणी नीट बघितलंच नव्हतं, याचा मला अजून राग आहे. सिस्टरनी तेव्हा दाखवलं: नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब चिरेवर लावून वाळू द्यायचे. दूध थांबवायची गरज नव्हती, गिळलेल्या रक्ताने बाळाला काही होणार नव्हतं.

ही तपासणी फक्त रक्त कुणाचं ते सांगते, म्हणून डॉक्टरांनी बाळाच्या प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणीही करून घेतली. दोन्ही ठीक आल्या. पाचव्या दिवशी शी पिवळी झाली आणि आम्ही घरी आलो.