भेट्न मिल्दैन

शनिवार, रात्र. काठमांडू.

टोपी समोर टेबलावर आहे. पिवळी, कडेला दोन तपकिरी रेघा. चौदा विणल्या होत्या. तेरा दिल्या, ही परत आली.

दुपारपासून कुणाशी धड बोलले नाहीये. ताई दोनदा विचारून गेल्या, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं दुखत नाहीये. वाईट वाटलंय, आणि नेमकं कशाचं ते सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

चार वर्षं इथल्या एका बालगृहाच्या संस्थेला दर महिन्याला पैसे पाठवतेय. पण परदेशातल्या संस्थेच्या दारात स्वतः जाऊन उभं राहायची ही पहिलीच वेळ. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथचं ठरलं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, एक दिवस काठमांडूशेजारच्या ललितपूरला, त्या संस्थेत जायचं. इथे शनिवारी शाळांना सुट्टी. म्हणून मुद्दाम शनिवार धरला, मुलं घरी सापडतील. त्यांनी कळवलं होतं, 'ऑफिसला जरूर या.' त्यातला 'ऑफिसला' माझ्या डोळ्यांना दिसलाच नाही.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मी मनगटावरचं बदललंच नव्हतं. माझ्या अकराला पोचले, तेव्हा तिथे सव्वाअकरा झाले होते. संस्थेच्या दिदी दारातच उभ्या होत्या. चहा आला, फाइल आली, गेल्या वर्षीचा हिशेब आला. मी सगळ्याला मान डोलावत होते, लक्ष वरच्या मजल्याकडे. वर कुणीतरी धावत होतं, छताला धप्प धप्प आवाज. शेवटी न राहवून विचारलं, मुलांना कधी भेटायचं?

दिदी शेजारच्या मुलीला हळूच काहीतरी म्हणाल्या. त्यातलं तेवढंच कानात शिरलं. भेट्न मिल्दैन.

चार दिवस इथल्या पाट्या वाचतेय. अक्षरं आपली, भाषा त्यांची, अर्थ लागतो न लागतो असं चाललेलं. हे मात्र एका झटक्यात समजलं. भेट आहे, मिळणं आहे, आणि पुढे नाही आहे.

मग हिंदीत नीट सांगितलं त्यांनी. वर बाहेरचं कुणी जात नाही. देणगीदारही नाही. मुलं राहतात तिथे, ते त्यांचं घर आहे.

मला रडूच यायला लागलं होतं. इतक्या लांबून आले. तीन महिने रात्री जागून टोप्या विणल्या. प्रत्येक टोपी विणताना एक डोकं डोळ्यांसमोर होतं, ते आता कुणाचं होतं कोण जाणे. एका मुलाच्या डोक्यावर एक टोपी माझ्या हाताने घालायची होती. एवढंच. एवढंही मागू नये का माणसाने? चार वर्षांत एक महिना चुकवला नाही, सगळं झालं तेव्हासुद्धा नाही.

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. 'चुकवला नाही' हे मी कुणाला ऐकवतेय?

दिदी भिंतीवरच्या नकाशाशी घेऊन गेल्या. वर डाव्या कोपऱ्यात, तिबेटला लागून, हुम्ला जिल्हा. १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं. शाळा बंद पडायच्या, पोरांना लढायला नेतील ही धास्ती. अशा वेळी दलाल यायचा. काठमांडूत शिकवतो म्हणायचा. आईबाप कर्ज काढून, जमीन विकून त्याला पैसे द्यायचे आणि मूल त्याच्या हाती सोपवायचे. इथे आणल्यावर कागदोपत्री तेच आईबाप मेलेले दाखवायचे. अनाथ म्हटलं की देणगी येते. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप झाला तेव्हा पुन्हा तेच होईल या भीतीने सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली.

आईबाप तिकडे डोंगरात जिवंत, आणि मूल इकडे अनाथ म्हणून पाहुण्यांसमोर गाणी म्हणतंय. मी दोनदा विचारलं, खरंच जिवंत? बहुतेकांचे आई किंवा वडील, कुणीतरी एक असतंच, म्हणाल्या.

मग त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. जिल्हे ७७, पण बालगृहांची गर्दी मोजक्या पाचांत. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येतं तो कास्की. जिथे पर्यटक तिथे बालगृह. त्या बोलत होत्या आणि मी बोटाकडे बघत होते. काठमांडू, चितवन, पोखरा. आमच्या सहलीचा छापील कार्यक्रम पर्समध्येच होता. तोच रस्ता, तोच क्रम.

माझे पैसे कुठे जातात तेही तेव्हाच कळलं. मी इतकी वर्षं दूध, वह्या, स्वेटर असं काहीतरी धरून चालले होते. ते पैसे चालण्यात जातात. इथला माणूस मुलाचा फोटो घेऊन निघतो. हुम्लातल्या सिमीकोटपर्यंत छोटं विमान, तिथून पुढे पायी, गावोगाव विचारत. हे पोर कुणाचं? सापडलं घर तर आधी एक भेट, मग दुसरी, मग कधीतरी मूल परत. आणि परत गेल्यावर त्याची फी.

हे सगळं समजलं, पटलं. तरी खाली बसल्यावर घशातला आवंढा तिथेच. समजून काय उपयोग, मन रुसलेलंच.

टोप्या काढल्या. दिदींनी एकेक हातात घेतली, उलटी केली, आत बोट घालून ताणून पाहिली, टाके बघितले. घाईघाईत बाजूला नाही टाकली एकही. आतली गाठ टोचेल असं वाटलं तिथे नखाने चाचपलं. मुलांना देऊ, म्हणाल्या, पण कुणी दिल्या ते सांगणार नाही. नाहीतर मुलं वाट बघत बसतात. या पिवळीपाशी थांबल्या. ही फार लहान आहे. आमच्याकडे सगळ्यात धाकटं सहा वर्षांचं. ही परत न्या.

माप कुठून घेतलं होतं ते मला माहीत आहे. त्याबद्दल आज नको.

निघताना चपलांच्या फळीपाशी वाकले होते. छोटे छोटे बूट, टाचेवर मार्करने नावं. मी नावं वाचली नाहीत, वाचाविशी फार वाटली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. अर्ध्यावर आला, मला पाहिलं. हसला नाही, नमस्ते नाही, काही नाही. कुणीतरी आलंय एवढंच त्याच्या चेहऱ्यावर. वळला आणि वर निघून गेला.

दिवसभर हेच बोचतंय. नकार नाही, नकाशा नाही, त्याचं ते वळून जाणं. माझं तोंड हसायला उघडलं होतं ते तसंच राहिलं.

परतताना टॅक्सीवाल्याला दिसलं असणार माझं तोंड. बालगृह बघायचंय का, म्हणाला. दुसरं आहे, जवळच, मुलं नाचून दाखवतात, मांडीवर येऊन बसतात, फोटो काढू देतात. मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. दोन चौक पुढे गेलो तेव्हा नाही म्हणाले. त्याला कारण सांगता आलं नाही. नुसतं हॉटेल, हॉटेल म्हणत राहिले.

रात्री ह्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, लहानपणी आपल्याकडे कुणी अनोळखी आलं की आपण काय करायचो? आतल्या खोलीत पळायचो.

पळायचो. आई ओढून बाहेर आणायची तेव्हा यायचो. परक्या बाईच्या मांडीत आपणहून जाऊन कोण बसायचं?

म्हणजे तो त्याच्या घरात होता, आणि मी परकी होते. यात रुसण्यासारखं काय आहे? काही नाही. मग अजून का दुखतंय? दुखू दे. मला ते डोकं हातात हवं होतं, ते मिळालं नाही, त्याला दुखणारच. त्याची कुठेतरी आई असेल, सिमीकोटच्या पुढे, तिच्या हाताला जास्त दुखत असेल.

उद्या सहाची बस, चितवन. घड्याळ आत्ता पुढे केलं.

तेरांतली तपकिरी टोपी कान झाकणारी आहे, तेवढी एकच तशी जमली. ती त्या एक मोजावाल्याला मिळावी. हुम्लात थंडी फार असते म्हणतात.