ध जाताना रडतो, येताना रडत नाही

पावती अजून माझ्या पाकिटात आहे. 'कॅसिओ, १ नग. तक्रार : खरखर.' काउंटरवर मी दोनदा सांगितलं होतं की हा कॅसिओ नाही, रोलँडचा जुनो-१०६ आहे, १९८४ साली बाजारात आलेला अ‍ॅनालॉग सिंथेसायझर आहे. पावती फाडणाऱ्या पोरानं मान डोलावली आणि लिहिलं, कॅसिओ. आपल्याकडं पट्ट्या असलेलं आणि विजेवर चालणारं जे काही असेल ते कॅसिओच. तिथंच तो परत गोधडीत गुंडाळून मी मिरजेची गाडी धरायला हवी होती.

वाद्य मामाचं. ऑर्केस्ट्रात वाजवायचा. जहाजावर नोकरीला असलेल्या एका ओळखीच्यानं जपानमधून आणून दिलेलं, त्यामुळं ते १०० व्होल्टवर चालतं आणि सोबत एक जडशीळ स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सांभाळावा लागतो. हा ट्रान्सफॉर्मर लक्षात ठेवा. ऑर्केस्ट्रा बंद पडला, वाद्य माळ्यावर गेलं, आणि गेल्या वर्षी मामानं ते माझ्याकडं पाठवलं. पहिल्या संध्याकाळी कोरस (आवाज भरदार करणारा इफेक्ट) लावून दोन सूर धरले आणि अंगावर काटा आला. तिसऱ्या-चौथ्या स्वरावलीत मात्र एक सूर फाटला. ओल्या वातीसारखा चरचरला, मग बसला. परत तीच पट्टी दाबली तर स्वच्छ.

मी निदान करून मोकळा झालो : पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट गेलेत. दुकानातही हेच सांगितलं. पुढच्या चार महिन्यांतला माझा वाटा एवढाच, पण तो आहे.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी बिघडली तर सतारमेकरांच्या गल्लीत जायचं, घोडीवर दोरा कुठं सरकवायचा ते माणूस कानानं ठरवतो आणि काम झालं. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सिंथेसायझर दाखवायचा कुणाला? म्हणून पुणं. कोयना एक्स्प्रेसनं, गोधडीत गुंडाळलेलं धूड मांडीवर-सीटवर आलटून पालटून ठेवत. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही.

जूनमध्ये दिला. मालक म्हणाले, "आठ दिवसांत होईल साहेब, बुधवारी फोन करा." ट्रान्सफॉर्मर मी कापडी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड आईच्या विणकामातल्या लाल लोकरीनं बांधून दिला होता. वर चिठ्ठी : 'थेट २३० ला लावू नये.' शिवाय तोंडानं तीनदा सांगितलं.

पहिल्या बुधवारी फोन उचलला नाही. दुसऱ्या बुधवारी "बोर्ड खोललाय, चेक करतोय." जुलैत "पार्ट बघावा लागेल." कुठला पार्ट, विचारलं. "आयसी." कुठला आयसी? "तो आतला." ऑगस्टमध्ये मी स्वतः गेलो. जुनो एका कोपऱ्यात उभा करून ठेवलेला, त्याच्या अंगावर दोन अ‍ॅम्प्लिफायर रेललेले, भोवती गणपतीसाठी दुरुस्तीला आलेले स्पीकर छतापर्यंत. मालक खरंच कामात बुडालेले होते, ते मी नाकारत नाही. "साहेब, आता सीझन आहे. दहा दिवसांची मंडळं थांबत नाहीत. तुमचं घरचं आहे ना?" घरचं आहे म्हणजे दुय्यम. मी म्हटलं, मग परत द्या. तर म्हणाले, "अर्धं काम झालंय, आता नेऊन काय करणार?" या वाक्यापुढं मी नेहमी हरतो. गवंडी, शिंपी, सगळ्यांनी मला याच वाक्यावर थांबवून धरलंय.

मग गणपती झाले, नवरात्र आलं. "गरब्याच्या ऑर्डरी आहेत." ऑक्टोबरच्या अखेरीस एकदाचा फोन आला की ओके झालंय, घेऊन जा. बिल १,८०० रुपये, 'सर्व्हिसिंग, की-क्लीनिंग'. वाजवून दाखवा म्हटलं तर लाइट गेली होती. खरंच गेली होती, सगळ्या गल्लीची. मला शेवटची गाडी धरायची होती. पैसे दिले.

रात्री घरी येऊन पिशवी काढली. लाल लोकर. माझीच गाठ, दोन फेरे आणि वर फुली, आईनं शिकवलेली. दुसऱ्या कुणी बांधली असती तर अशी बांधलीच नसती. म्हणजे चार महिन्यांत ते यंत्र एकदाही चालू केलेलं नव्हतं. चेक करतोय, पार्ट बघतोय, ओके झालंय, सगळं बिनविजेचं. केलं होतं ते इतकंच की स्लायडरच्या फटींतून कसलासा स्प्रे सढळ हातानं मारला होता. आधी लोण्यासारखे सरकणारे स्लायडर आता कोरडे, खरबरीत लागत होते. गाठ सोडायच्या आधी मी तिचा फोटो काढून ठेवलाय. कुणाला दाखवणार कोण जाणे.

म्हणून पहिला सल्ला हाच : वाद्य देताना अशी एखादी खूण ठेवा. आणि घरी नेण्याआधी तिथंच वाजवून घ्या, लाइट येईपर्यंत बसा, गाडी चुकली तरी चालेल.

पुढचं सगळं दोन आठवड्यांत झालं, आणि सुरुवात मी केली नाही. मुलगी हार्मोनियम शिकते. तिनं जुनोवर आरोह-अवरोह वाजवला आणि म्हणाली, "बाबा, ध जाताना रडतो, येताना रडत नाही. येताना प रडतो."

मी कागद घेऊन बसलो. सा रे ग म प ध, सहावा सूर ध. पुढं नी, वरचा सा, मग उतरताना परत वरचा सा, नी, ध, आणि बारावा सूर प. सहा, बारा! पट्टीचा दोष असता तर त्याच पट्टीवर राहिला असता. हा सुरावरून सुरावर उड्या मारत होता, कारण तो पट्टीत नव्हताच. जुनो-१०६ एका वेळी सहा सूर वाजवू शकतो. आत सहा वेगवेगळे व्हॉइस, म्हणजे एकेक सूर काढणारी सर्किटं, आहेत आणि पट्टी दाबली की ते पाळीपाळीनं कामाला लागतात. माझ्याकडं त्यातला एक आजारी होता.

खात्री करायची सोय यंत्रातच आहे. 'की ट्रान्सपोज'चं बटण दाबून ठेवायचं आणि तसंच पॉवर चालू करायचं. मग प्रत्येक पट्टीला कुठला व्हॉइस वाजतोय तो आकडा डिस्प्लेवर येतो. माझ्या खरखरीला दर वेळी ६. पाच मिनिटांचं काम. चार महिने, १,८०० रुपये आणि पुण्याच्या चार चकरा, या पाच मिनिटांसाठी. (ट्रान्सफॉर्मर जोडलेला असला तर.)

त्यानंतर सॉ आणि पल्स या दोन्ही मूळ लहरी बंद केल्या, सब (खालच्या सप्तकातला जोडसूर) आणि नॉइज शून्यावर आणले. म्हणजे आवाज निर्माण करणारं काहीच चालू नाही. तरी सहाव्या पाळीला चरचर आलीच. याचा अर्थ बिघाड फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टप्प्यात. जुनोत हे दोन्ही ८००१७ए नावाच्या एका मॉड्यूलमध्ये असतात, दर व्हॉइसला एक. या मॉड्यूलवर एपॉक्सीचा जाड लेप असतो, तो वर्षांनुवर्षांत बिघडतो आणि जिथून वीज जायला नको तिथून झिरपू देतो. चरचर, दबलेला सूर, पट्टी सोडल्यावरही न थांबणारा सूर ही त्याचीच लक्षणं. एका वेळी दोन व्हॉइसची लहरच गायब असेल तर मात्र लहर तयार करणाऱ्या एमसी५५३४ए चिपा बघा. ते तीन असतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन व्हॉइस.

नवीन बनावटीची मॉड्यूल परदेशातून मागवता येतात. माझी वाट बघायची ताकद संपली होती. लेप काढायचा ठरवला.

एक सांगायचं राहिलं : कोरस लावल्यावर मागं हलकी 'स्स' येते ती बिघाड नाही, हे यंत्र असंच आहे. तिच्यामागं लागू नका.

सहा नंबरचं मॉड्यूल डिसोल्डर पंपानं (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) सावकाश सोडवलं. याचे पाय एका ओळीत असतात आणि घाई केली तर बोर्डावरचा ट्रॅक उचकटून येतो. त्याच्या जागी बर्ग स्ट्रिपचं सॉकेट लावलं, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं उपटायचं. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळं प्रयोगशाळेची रसायनं विकणारं दुकान हाताशी आहे. तिथून शुद्ध अ‍ॅसिटोन आणलं. पार्लरमधलं नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. आणि प्लॅस्टिकचा ग्लास तर मुळीच नाही. मी घेतला, मुलीच्या वाढदिवसातला उरलेला. दहा मिनिटांत त्याचा तळ मऊ होऊन गॅलरीभर अ‍ॅसिटोन. लोणच्याची काचेची बरणी, पत्र्याचं झाकण, खिडकी उघडी, जवळपास गॅस नाही.

दोन दिवसांनी लेप कडेनं सुटू लागला. तिसऱ्या दिवशी लाकडी टूथपिकनं ढकलला तर उकडलेल्या अंड्याच्या टरफलासारखा मोठा तुकडा निघून आला आणि खालची हिरवट पाटी दिसली, त्यावर खसखशीएवढे भाग, कुणीतरी कालच लावल्यासारखे चकचकीत. चिकटून राहिलेलं खरवडायचा मोह आवरा. परत बुडवा. ते इवले भाग टूथपिकनंही उडतात.

वाळवलं, सॉकेटमध्ये बसवलं, त्या व्हॉइसचे प्रीसेट (बोर्डावरचे स्क्रूसारखे फिरवायचे छोटे कंट्रोल) बाकीच्या पाचांशी कानानं जुळवले. व्हॉइसची नावं आणि प्रीसेटच्या जागा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहेत, ते आधी छापून घ्या. रात्री अकराला मुलीला उठवून आरोह-अवरोह वाजवायला लावला. ध जातानाही स्वच्छ, प येतानाही स्वच्छ. बायकोनं आतून विचारलं, झालं का? मी म्हटलं झालं, आणि आणखी तासभर वाजवत बसलो.

हो, बोर्ड उघडण्याआधी मेमरी वाचवा. १२८ आवाज एका सीआर२०३२ सेलच्या जिवावर असतात, तो सोल्डर केलेला असतो आणि तो बदलला की सगळं पुसलं जातं. मागं कॅसेटवर उतरवून घ्यायची सोय आहे. मी कॅसेटऐवजी मोबाइलवर तो किर्रर्र आवाज रेकॉर्ड केला आणि परत चढवला, चाललं. त्यात मामाचे दोन आवाज होते, 'शहनाई' आणि एक नाव नसलेला, घसरत जाणारा.

रविवारी मामाला व्हिडिओ कॉल लावला. दहा मिनिटं वाजवून दाखवलं, सहा नंबरची सगळी कथा सांगितली. मामा ऐकत होता.

"अरे, सहावा फाटतो ते मला ठाऊकच होतं की," तो म्हणाला. "पाच वाजवून झाले की व्हॉल्यूम खाली ओढायचा, एक पट्टी वाया घालवायची, परत वर. गाण्याच्या मध्ये कुणाला कळतंय? शेवटची दोन वर्षं तसंच तर वाजवलं."

"मामा, हे जूनमध्ये सांगायचं ना!"

"तू कुठं विचारलंस? तू म्हणालास, मामा, पट्ट्या खराब झाल्यात. मी म्हटलं, झाल्या असतील बाबा."